ओट्यावर कोण होतं?

वकीलसाहेब मोर्च्यात असूनही मोर्च्याकडे बघायचे नाहीत. सगळे पुढे तोंड करून घोषणा देताहेत, मुठी वर जाताहेत, आणि हा माणूस कडेने आपली जुनी स्कूटर हाताने ढकलत, डावी-उजवीकडची घरं न्याहाळत चाललेला. नवख्याला वाटावं, म्हातारा भाड्याची खोली शोधतोय. मला पहिल्या दिवशी तसंच वाटलं. मी शेजारच्या पोराला विचारलंसुद्धा, की हे आजोबा कुणाचं घर शोधताहेत का? तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, त्ये आपले अध्यक्ष हायेत."

मोर्चा संपला, निवेदन दिलं, झाडाखाली चहा झाला, की ते एकेकाला धरून विचारायचे, "ओट्यावर कोन हुतं?" किती लोक जमले, पेपरात फोटो येणार का, साहेब काय म्हणाले, यातलं काही नाही. ओट्यावर कोण होतं, हातात काय होतं, आपण जवळ गेल्यावर ते बाहेर आलं की आत गेलं, दार लावलं की नुसतं लोटलं. आम्ही वैतागायचो. घसा बसेपर्यंत ओरडलेल्या माणसाला हे असले प्रश्न.

"मोर्च्यात कोन हुतं ते मला ठाऊक हाय," ते म्हणायचे. "त्येंना मीच बोलावलं हुतं. न बोलावता जे बघायला उभं ऱ्हायलं, त्येंचं सांगा."

मी मूळची संगमनेरची. समाजकार्याचं शिक्षण संपवून आमच्याच जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला, कर्जत तालुक्यात, त्यांच्या छोट्या संघटनेत कामाला आले, तेव्हा घरचे म्हणाले होते, तिकडे काय ठेवलंय? तिकडे काहीच ठेवलेलं नव्हतं. प्रवरेच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला कर्जतचा उन्हाळा म्हणजे शिक्षाच. वकीलसाहेबांनी माझं नाव कधीच वापरलं नाही. पहिल्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'संगमनेर' झाले. "काय संगमनेर, जेवलीस का?" "संगमनेर, पत्रक लई गोड झालंय, जरा मीठ घाल." कोर्टात शुद्ध मराठी, बाहेर अशी. स्वतः चांगल्या बागायतदार घरातले. पण चुलतभावाच्या विरोधात एका भूमिहीन बाईची केस घेतली, तेव्हापासून भावकीतल्या लग्नाची पत्रिका त्यांच्या घरी येणं बंद झालं होतं.

काळ्या कोटाचे दोन्ही खिसे भाजलेल्या शेंगदाण्यांनी भरलेले असायचे. भांडायला आलेल्या माणसाच्या हातावर ते आधी मूठभर शेंगदाणे ठेवायचे. "तोंडात दाना असला की मानसाला वरडता येत न्हाई," हे त्यांचं त्यामागचं शास्त्र. स्कूटरवर बसून गल्लीतून कधी गेले नाहीत. गल्ली लागली की उतरायचं आणि ढकलायची. गाडीवरच्या माणसाला कुणी थांबवत नाही, म्हणायचे. मला मात्र दाट संशय होता की ती स्कूटर गल्लीत बंद पडते म्हणून हे तत्त्वज्ञान.

त्यांची सगळ्यात चमत्कारिक सवय दहाव्याची. आमच्या जिल्ह्यात दहावा म्हणजे केवढा सोहळा असतो, ते बाहेरच्याला सांगून पटणार नाही. ओढ्याकाठी मंडप, प्रवचन, आणि मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं, एकामागून एक, काकस्पर्श ताटकळत राहिला तरी चालेल. वकीलसाहेब तालुक्यातला एकही दहावा शक्यतो चुकवायचे नाहीत. मित्राच्या घरचा, शत्रूच्या घरचा, ज्याच्याविरुद्ध कालच कोर्टात उभे राहिले त्याच्याही घरचा. भाषण कधी करायचे नाहीत. सतरंजीच्या शेवटच्या टोकाला, पुरुषांच्या रांगेत, मांडी घालून बसायचे आणि घरच्यांना हात जोडून निघायचे. एकदा मी संतापले. ज्या माणसाने आमच्या पोरांना ग्रामपंचायतीच्या दारातून हाकललं होतं, त्याच्या काकाच्या दहाव्याला हे निघालेले.

"तुम्हाला काही वाटतं की नाही? त्यांनी आपल्याला हाकललं!"

"काकानं कुठं हाकललं?" ते स्कूटरला किक मारत म्हणाले.

दुसरा जाच म्हणजे 'गाव' हा शब्द. त्यांच्यासमोर कुणी 'गावाने अन्याय केला' म्हणालं, की संपलंच. त्या माणसाला उभं करायचे. "गाव म्हंजी कोन? नाव घे." पोरगं गडबडायचं. एक नाव सांगायचं, दोन सांगायचं. "आनी बाकीचं?" बाकीच्यांनी काही केलेलं नसायचं. "मंग त्येंना कशाला ढकलतू तिकडं? तू गाव म्हणलास की समदी एका बाजूला जातात. आनी तू एकटा पडतूस."

मला हे पटायचंही आणि पटायचं नाहीही. काहीच न करणारेसुद्धा अन्यायातच असतात, असं मी म्हणायचे. ते म्हणायचे, "असत्यात. पन त्येंना तसं सांगून बगितलंय मी. दार लावून घेत्यात."

आता ते श्रीरामपूरला मुलीकडे असतात. ऐकू कमी येतं. फोनवर मी काही सांगू लागले की ते दुसऱ्याच कशाचं तरी उत्तर देतात. पण मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते एका मयतामुळे, आणि त्यासाठी आधी त्या वस्तीबद्दल सांगायला हवं.

कर्जतच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत, एक गाव आहे. गावाच्या कडेला भटक्या लोकांची वस्ती. दोन पिढ्यांपूर्वी पालं टाकून राहिलेले, आता पत्र्याची घरं, मतदान कार्डं, शाळेत पोरं. सगळं होतं, एक सोडून. मेलेलं माणूस जाळायला जागा नव्हती. पूर्वी मागच्या माळावर नेत. ती वनखात्याची जमीन, तिला कुंपण पडलं. गावाची स्मशानभूमी ओढ्याकाठी, पत्र्याची शेड, चौथरा, सगळं सरकारी पैशातून बांधलेलं. पण तिथे जायची वाट भाऊसाहेबांच्या बांधावरून. भाऊसाहेब म्हणजे गावातल्या दूध संस्थेचा चेअरमन, चांगला शेतकरी, माझ्याहून थोडाच मोठा, बोलायला सरळ. त्याने सरळच सांगितलं होतं. "गावचं मसन गावच्यांसाठी हाय. त्येंनी त्येंच्या गावाला न्यावं." त्यांचं गाव कुठलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

वर्षभर आम्ही हा विषय लावून धरला होता. अर्ज, निवेदनं, दोन-तीन मोर्चे. वस्तीतली पोरं म्हणायची, साहेब, केस टाका, कायदा आपल्या बाजूने आहे. वकीलसाहेब म्हणायचे, "टाकतो की. बंदोबस्तात जाळशील. बंदोबस्त येक दिवसाचा असतो. पुढल्या मयताला काय करशील?" त्यामुळे चाललं होतं ते गोगलगायीच्या गतीने. पण चाललं होतं, हे मलाही मान्य करावं लागे. पहिल्या मोर्च्याला लोक नुसते बघत होते. दुसऱ्याला एका ओट्यावर पाण्याची कळशी ठेवलेली दिसली. मी ते सांगितलं, तेव्हा वकीलसाहेब लहान मुलासारखे खूश झाले. तीन वेळा विचारलं, भरलेली होती का? सोबत तांब्या होता का?

मग पोरांनी हट्टाने शहरातून एक वक्ते आणले. भाषण जबरदस्त झालं. "या गावाला लाज वाटली पाहिजे," असं ते म्हणाले तेव्हा मी जोरात टाळ्या वाजवल्या. भाषणातला शब्द न शब्द खरा होता, हे मी आजही म्हणते. त्याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाईलवर होता, आणि तोही त्या एकाच वाक्याचा. पुढच्या मोर्च्याला ओटे रिकामे. कळशी नाही. दारं बंद, भर दिवसा, आतून कड्या लावलेल्या. वकीलसाहेब गल्लीतून स्कूटर ढकलत चालले होते आणि बघायला कुणी नव्हतं. पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला की स्मशानभूमी फक्त मूळ रहिवाशांसाठी. हात वर करणाऱ्यांत आमच्याकडे झुकलेले गावच्या शाळेतले मास्तरही होते.

"भाषण खरं होतं," मी म्हणाले.

"खरंच हुतं गं," ते म्हणाले. "म्हनून तर लई लागलं." त्या दिवशी त्यांनी शेंगदाणेही खाल्ले नाहीत.

आणि अशा वेळी, भर वैशाखात, शंकरची आई गेली.

शंकर वस्तीतला, गवंड्याच्या हाताखाली जाणारा, शांत माणूस. सकाळी त्याचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढू लागलं होतं. पत्र्याखाली म्हातारीला ठेवलेलं, भोवती बायका, आणि बाहेर पोरांनी टेम्पो आणून उभा केलेला. टेम्पोला बॅनर बांधणं चाललं होतं. ठरलंच होतं त्यांचं. मयत तहसील कचेरीवर न्यायचं, दारात ठेवायचं, जागा मिळेपर्यंत उचलायचं नाही. चावडीपाशी पोलिसांची जीप आधीच येऊन थांबली होती. माझं विचाराल तर मी पोरांच्या बाजूची होते. वर्षभर कळशी मोजून काय मिळालं, असं माझ्या मनात होतं.

वकीलसाहेब टेम्पोकडे गेलेच नाहीत. शंकरजवळ जाऊन उकिडवे बसले. "तुला काय पायजे?"

शंकरने पत्र्याखाली आईकडे बघितलं. मग म्हणाला, "मला आयेला जाळायचंय, साहेब. तिचा मोर्चा न्हाई काढायचा मला." बॅनर बांधणारी पोरं थांबली. "पन ऊन बगा. दुपारपत्तुर वाट बगतो. न्हाई जमलं तर मंग टेम्पोच."

वकीलसाहेब उठले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "चल. गवऱ्या मागायच्या."

मला वाटलं उन्हाने डोकं फिरलं. पण त्यांचं म्हणणं असं की खेड्यात मयत झालं की सरणाला घराघरातून गोवऱ्या जातात, ही चाल आहे, ती कुणी मोडत नाही. भाऊसाहेबाकडे वाट मागायची नाही, ग्रामपंचायतीकडे जागा मागायची नाही. प्रत्येक घरी एक गोवरी मागायची. "परवानगी मागितली की मानूस सायेब व्हतो. गवरी मागितली की शेजारी व्हतो. आनी ज्यानं गवरी दिली, त्यो सरन आडवायला येत न्हाई."

ते गल्लीत शिरले, स्कूटर ढकलत. मी मागे. चावडीजवळच्या ओट्यांवर, दुकानापाशी, पारावर माणसं बसलेली होती. पोलिसांची जीप बघायला जमलेली. वकीलसाहेबांनी प्रत्येकाला हात जोडले. प्रत्येकाच्या घरच्या दहाव्याला ते गेलेले होते. कुणी तोंडावर नकार दिला नाही, उलट जागा दिली, बसा म्हणाले. आणि मग सुरू झालं.

"बगतो की. जरा घरात इचारतो."

"औंदा गवऱ्याच न्हाईत वकीलसाहेब, गॅस आल्यापून कोन लावतंय."

"माझी ना न्हाई. पन भाऊसाहेबाला इचारलं का? त्येंनी दिली की माझी धरा."

सगळी गल्ली संपली, पोतं रिकामंच. ऊन डोक्यावर आलं. वस्तीकडून टेम्पो सुरू केल्याचा आवाज येत होता, पोरं मुद्दाम इंजिन चालू ठेवत होती. वकीलसाहेब मारुतीच्या देवळामागे सावलीत स्कूटर लावून खाली बसले. खिशातून शेंगदाणे काढले आणि तसेच परत टाकले. मी त्यांना कोर्टात ओरडा खाताना पाहिलं होतं, पोलीस स्टेशनात ताटकळताना पाहिलं होतं, पण घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"न्हाई म्हनले आसते तर बरं हुतं, संगमनेर. भांडता आलं आसतं." आणि मग, अगदी हळू, "टेम्पो तिकडं गेला तर लाठ्या पडत्याल. आनी म्हातारी उनात ऱ्हाईल."

त्यांची कीव यावी अशी अवस्था होती, आणि मला आला राग. सगळ्यांवर, त्यांच्यावरही.

"तुम्ही विचारलंत कुणाला? पुरुषांना. यांच्यातल्या एकाने तरी जन्मात शेणाला हात लावलाय का? गोवऱ्या कोण थापतं? रचून कोण ठेवतं? त्यांच्या घरात गोवऱ्या आहेत की नाहीत हेसुद्धा यांना माहीत नाही!"

वकीलसाहेब घरांच्या मागच्या भिंतींकडे बघू लागले. सगळी हयात त्यांनी ओट्यांकडे बघण्यात घालवली होती. ओटा घराच्या पुढे असतो.

मी घरांच्या मागच्या बाजूने गेले. तिथे परसं होती, न्हाणीघरं, भांडी घासायच्या जागा, आणि भिंतीला लावून, वर कागद टाकून, पद्धतशीर रचलेल्या गोवऱ्या. गॅस आल्यापासून कुणी लावत नाही म्हणे! पहिल्याच परसात एक बाई भांडी घासत होती. मी सांगितलं, वस्तीतल्या शंकरची आई गेलीय, सरणाला गोवरी हवी. ती म्हणाली, कोण शंकर? मी म्हणाले, गवंड्याच्या हाताखाली जातो तो. तिला उमगेना. मी म्हणाले, म्हातारी उंच होती, कपाळावर गोंदण, पायाने जरा अधू.

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "अगं बया, पोतवाली?"

पोतवाली. सुया, दाभणं आणि काळे मणी विकायला ती म्हातारी घरोघर फिरायची. पुढच्या दाराने कधी गेली नाही. परसात बसायची, मणी ओवून द्यायची, चार घरच्या गोष्टी या घरी सांगायची. मंगळसूत्राची पोत तुटली की बायका तिची वाट बघत. वर्षभर आम्ही पत्रकं वाटली होती, 'भटक्या समाजाच्या न्याय्य हक्कासाठी'. हा भटका समाज म्हणजे आपली पोतवाली, हे त्या गावातल्या एकाही बाईला आम्ही सांगितलं नव्हतं. नाव घे, नाव घे म्हणून आमच्या मागे लागणाऱ्या माणसालाही ते सुचलं नव्हतं.

त्या बाईने हात धुतले आणि शेजारच्या भिंतीवरून हाक मारली. मग तिच्या शेजारणीने पुढे. मला फारसं बोलावंच लागलं नाही. "कवा गेली?" "सकाळी." "आजारी हुती का?" "परवाच आली हुती की माझ्याकडं." एकीने पाटी भरली, दुसरीने घमेलं. एक म्हणाली, आमच्या ह्यांना कळलं तर. दुसरी म्हणाली, ह्यांना काय कळतंय, ह्यांना आंघोळीचं पानी तापल्यालं तेवढं कळतंय.

भाऊसाहेबाचं परस शेवटी होतं. मी बाहेरच थांबले. त्याची आई दारात उभी होती, तिला बातमी माझ्याआधी पोचली होती. उभट चेहऱ्याची, कडक म्हातारी. मला वाटलं आता ही शिव्या देणार. ती गोवऱ्यांपाशी गेली आणि स्वतःच्या हाताने वरचा कागद काढला.

"भाऊसाहेब काही म्हणतील," मी म्हणाले. मला सांगणं भाग होतं.

"त्यो दूध घालाया गेलाय." ती वाकून गोवऱ्या काढत होती. "आनी शेन मी भरती, थापती मी. माझ्या सुनांची पोत तिनं ओवली. पाट्या कुठं ठिवायच्या, त्ये सांग."

बायकांनी स्मशानात जायचं नसतं. म्हणून त्यांनी पाट्या बांधाच्या अलीकडे, बाभळीखाली आणून ठेवल्या. तिथून वस्तीतल्या माणसांनी नेल्या. टेम्पोवरचा बॅनर शंकरने स्वतः सोडला. वकीलसाहेब बाभळीखाली उभे होते आणि एकेक पाटी रिकामी होताना बघत होते.

मयत निघालं. गावातूनच न्यायचं, असं शंकर म्हणाला. ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली, काही आत गेली. चावडीपाशी कुणी तरी मोबाईलवर बोलत होतं आणि आम्ही जवळ गेल्यावर त्याने आवाज खाली केला. तो कुणाला फोन लावतोय ते सांगायची गरज नव्हती. जीप आमच्या मागे हळूहळू येऊ लागली. ढोल नाही, घोषणा नाही, नुसता उन्हात पायांचा आवाज. मला आयुष्यात घोषणांची इतकी गरज कधी वाटली नव्हती.

ओढ्याकाठी खालचे थर रचून झाले होते. तिरडी बाजूला, शेडच्या सावलीत ठेवली होती. तेवढ्यात मोटारसायकली आल्या. भाऊसाहेब उतरला, मागे त्याचे पाच-सहा जण. पांढऱ्या कपड्यांत, घामाने चिंब, थेट दूध संस्थेतून आलेला.

"कुनाला इचारून रचलं? काढा समदं."

वस्तीतली पोरं पुढे सरकली. एकाच्या हातात दगड होता. हवालदाराने काठी काखेतून हातात घेतली. मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी भाऊसाहेबाच्या दिशेने एक पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले, आणि माझ्या लक्षात आलं की यांच्याकडे आता काहीही उरलेलं नाही. एक दगड सुटला असता तर तो टेम्पो, ती लाठी, ते ऊन, सगळं झालं असतं, आणि म्हातारी मध्ये पडून राहिली असती.

"काढत न्हाई म्हंता? मी काढतो," भाऊसाहेब म्हणाला. चौथऱ्यावर चढला, वाकला आणि एक गोवरी उचलली. फेकायला हात मागे नेला.

"ती माझी हाय."

बांधावर त्याची आई उभी होती. स्मशानाच्या हद्दीत, डोक्यावर पदर, मागे पाच-पंचवीस बायका. तिथे बाई आलेली त्या गावाने पाहिली नसेल.

"आये, तू हितं कशाला आलीस? घरी जा."

"जाते. तुझं झाल्यावर जाते. खालचा थर माझ्या गवऱ्यांचा हाय. काढायचं आसलं तर माझ्या आदी काढ. मंग चुलतीच्या. समद्यांच्या काढ, आमी बगतो."

त्याच्याबरोबर आलेल्यांनी बायकांकडे बघितलं. ज्याला त्याला त्यांत आपल्या घरची दिसली. एकजण मोटारसायकलपाशी परत गेला. दुसरा मान खाली घालून पायाने माती उकरू लागला.

भाऊसाहेब गोवरी हातात धरून तसाच उभा. फेकावी तर आईची, तिच्या डोळ्यांदेखत. घरी परत न्यावी तर स्मशानात गेलेली वस्तू घरी आणत नाहीत, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मग शंकर पुढे आला. त्याने हात जोडले नाहीत, की काही मागितलं नाही.

"भाऊसाहेब, ऊन लई झालंय. आयेला ठिवू द्या आता."

भाऊसाहेबाने पहिल्यांदा तिरडीकडे बघितलं. चेहरा उघडा होता. "ही पोतवाली हाय?"

"व्हय."

तो चौथऱ्यावरून खाली उतरला. गोवरी हातातच. पोरांनी तिरडी उचलली, म्हातारीला सरणावर ठेवलं, वर गोवऱ्या रचल्या. मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन हातातली गोवरी ठेवली. शंकरने, पोरांनी, वकीलसाहेबांनी. दगड धरलेल्या पोरानेही, दगड टाकून. शेवटी हातात गोवरी असलेला एकच माणूस राहिला. तो गेला आणि पायांच्या बाजूला ती ठेवून आला. शंकरने अग्नी दिला.

वकीलसाहेब हळूच जाऊन भाऊसाहेबाच्या शेजारी उभे राहिले, म्हणजे तो एकटा दिसू नये. मी ऐकण्याइतकी जवळ होते.

"तुमच्यासाठी न्हाई ठिवली," भाऊसाहेब पुढे बघत म्हणाला.

"ठाऊक हाय," वकीलसाहेब म्हणाले.

मला हे खुपलं, आजही खुपतं. मला त्याच्या तोंडून चूक झाली असं ऐकायचं होतं. ते त्याने त्या दिवशी म्हटलं नाही आणि त्यानंतरही कधी नाही. त्याचं मन पालटलं का, असं मी नंतर वकीलसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्येचं मन त्येच्यापाशी ऱ्हाऊ दे. मला त्येचा हात पायजे हुता." मी भांडले त्यांच्याशी त्यावरून. पण त्या उन्हात, त्या जाळाजवळ, मी रडत होते, आणि ते रडणं रागाचं नव्हतं.

जीप निघून गेली. बायका बांधावरून परत फिरल्या, भाऊसाहेबाची आई सगळ्यात शेवटी. जाळ चांगला धरला होता, उभं राहवत नव्हतं. भाऊसाहेबाबरोबर आलेल्यांनी मोटारसायकल चालू केली आणि त्याला हाक मारली, चला चेअरमन, झालं आता.

मयताला आलेला माणूस कवटी फुटेपर्यंत जागचा हलत नाही. आमच्याकडची रीत आहे ती. भाऊसाहेबाने मागे वळून बघितलं नाही. नुसता हात वर केला.

"गाडी बंद करा," तो म्हणाला. "आजून कवटी फुटली न्हाई."